'तुला पैसे पडले होते का गं?' : फुकट आलेल्या वस्तूचा रिव्ह्यू टाकण्याआधी

माझ्याकडे कुरिअरने आलेली पहिली फुकटची वस्तू म्हणजे कणीक मळायचं यंत्र. बाहेरगावची कंपनी, खोक्यावर माझं नाव आणि आत हाताने लिहिलेली चिठ्ठी, 'ताई, वापरून बघा, आवडलं तर लिहा.' चार दिवस वापरलं, आवडलं, लिहिलं. रीलसुद्धा टाकली. यंत्र कुठून आलं याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे, असं काही सांगायचं असतं हेच डोक्यात नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या शेजारच्या काकू दारात उभ्या. हातात परात, परातीत तेच यंत्र. माझी रील बघून त्यांनी घेतलेलं. त्यांच्याकडे खाणारी आठ-दहा माणसं, दोन्ही वेळची कणीक त्यातच. मोटरीला जळका वास यायला लागला होता. माझ्याकडे चौघांच्या पोळ्या, त्यामुळे माझं यंत्र ठणठणीत. काकू भांडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "तुला पैसे पडले होते का गं ह्याला?"

"नाही," म्हटलं.

"मग बरोबर," म्हणाल्या आणि परात उचलून गेल्या.

सरकारचे नियम मी शोधून वाचले ते त्या संध्याकाळी. भाषा कायद्याची आहे, पण पानंच्या पानं ज्याच्यासाठी लिहिलीत तो प्रश्न काकूंचाच आहे. फरक इतकाच, की त्याचं उत्तर काकूंनी विचारायच्या आत द्यायचं असतं. नव्याने ब्लॉग, चॅनेल किंवा इन्स्टाचं पान सुरू केलंय आणि पहिलं खोकं दारात आलंय, अशांसाठी हे लिहितेय.

नियम कुणाचे आणि लागू कुणाला

मुळाशी आहे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. तो जुलै २०२० मध्ये अमलात आला आणि त्याच महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. दिशाभूल करणारी जाहिरात कशाला म्हणायचं, हे या कायद्यात सांगितलंय. महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं हाही त्याचाच एक प्रकार. इंटरनेटवरची जाहिरात ही जाहिरातच, त्यात सूट नाही. मग ९ जून २०२२ ला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि २० जानेवारी २०२३ ला ग्राहक व्यवहार विभागाने खास सेलिब्रिटी आणि इन्फ्लुएन्सरसाठी एक छोटी पुस्तिका काढली, 'एंडोर्समेंट नो-हाऊज'. नवख्याने आधी ती पुस्तिका वाचावी. अर्ध्या तासाचं काम आहे.

याशिवाय आस्की (ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया). म्हणजे १९८५ पासून चालत आलेली जाहिरात क्षेत्राची स्वतःची संस्था. ती सरकारी नाही, पण इन्फ्लुएन्सरसाठी तिने केलेले नियम १४ जून २०२१ पासून लागू आहेत आणि बारकाव्यांत ते सरकारी पुस्तिकेपेक्षा उपयोगी पडतात. किती सेकंद, कुठल्या ओळीत, हे सगळं तिथे आहे.

'माझे तर अकराशेच फॉलोअर, मला कोण विचारतंय' हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येतं. पुस्तिकेत फॉलोअरचा आकडा कुठेच नाही. तुमच्या शब्दावर लोक वस्तू घेतात का, एवढंच बघतात. विश्रामबागेत एका काकूंनी घेतलं होतं.

दंडाचं एका दमात सांगते. खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल प्राधिकरण उत्पादकाला किंवा शिफारस करणाऱ्याला १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत. शिवाय शिफारस करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कुठल्याच वस्तूची शिफारस करायला बंदी, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत. आकडे 'पर्यंत'चे आहेत हे खरं, पण वर्षभर पान गप्प ठेवायचं म्हणजे काय, हे पान चालवणाऱ्यालाच कळतं.

आधी ठरवा : संबंध आहे का?

सगळी गोम इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबते. नियमांत शब्द आहे 'मटेरियल कनेक्शन'. मी त्याला लागेबांधे म्हणते. तुमच्यात आणि कंपनीत असं काही आहे का, की जे कळलं तर वाचणारा तुमच्या शब्दाला वेगळं वजन देईल? पैसे तर झालेच. पण पुस्तिकेच्या यादीत आणखी बरंच आहे: मोफत वस्तू, मग ती अटीवर दिलेली असो वा बिनअटीची, सवलत, भेट, सहल, हॉटेलातला मुक्काम, बार्टर (म्हणजे पैशांऐवजी वस्तूच्या बदल्यात पोस्ट), पुरस्कार, आणि घरचं, ओळखीचं किंवा नोकरीचं नातं.

बिनअटीची मोफत वस्तूही यात येते, हे नव्या मंडळींच्या पचनी पडत नाही. 'त्यांनी चांगलंच लिही असं सांगितलं नव्हतं, मी मनापासून लिहिलं.' माझंही तेच होतं. पण आस्कीने स्पष्ट म्हटलंय की मत तुमचं स्वतःचं आणि निःपक्षपाती असलं तरी संबंध सांगायचाच. आणि माणसाचा स्वभाव बघा ना. स्वतःचे चार हजार घालून घेतलेल्या यंत्राच्या मोटरीला वास आला की आपण आकांडतांडव करतो. फुकटातलं असलं की 'असेल आजच्या दिवस' म्हणून झाकण लावतो.

आता आपल्या भागातली उदाहरणं घेते, कारण अडचण खरी इथेच येते. आपल्याकडे फुकट देणं हा नुसता व्यवहार नाही, रीत आहे.

तासगावला बेदाण्याच्या दुकानात गेलात. व्यापारी मूठभर बेदाणा हातावर ठेवतो, 'चव बघा हो ताई.' हे तो येईल त्याला देतो. तुमच्या कॅमेऱ्यासाठी दिलेलं नाही. यावर मी लेबल लावत नाही. पण निघताना त्याच माणसाने दोन किलोचा बॉक्स गाडीत ठेवला आणि 'व्हिडिओत दुकानाचं नाव तेवढं घ्या' म्हणाला, तर गोष्ट बदलली. तो बॉक्स पाहुणचार नव्हे, मोबदला. नको म्हणणं जिवावर येतं, मला कळतं. मग घ्या आणि सांगा.

माझ्या दिरांचं भडंगाचं दुकान आहे. त्यांचं भडंग मला खरंच आवडतं आणि मी पैसे मोजून आणते. तरी त्याच्याबद्दल लिहिताना 'हे आमच्या दिरांचं दुकान' ही पहिली ओळ. नात्यात पैसा फिरला नाही म्हणून नातं संपत नाही. पुण्याच्या एखाद्या ब्रँडमध्ये तुम्ही नोकरीला असाल आणि त्याच ब्रँडचं कौतुक करत असाल तरी तेच. त्यासाठी आस्कीच्या यादीत 'एम्प्लॉयी' असं वेगळं लेबलच आहे.

महाबळेश्वरच्या रिसॉर्टने दोन रात्री राहायला बोलावलं, जेवणखाण त्यांचं: सांगायचं. गणपती पेठेतल्या भांड्यांच्या दुकानदाराने ओळखून चाळीस टक्के सूट दिली, शेजारच्या गिऱ्हाइकाला दहाच दिली: सांगायचं. लिंकवरून कुणी खरेदी केली की तुम्हाला कमिशन मिळतं: सांगायचं, तेही लिंकच्या जवळ. वस्तू वापरायला आली आणि तुम्ही परत पाठवली: मी सांगते, 'पंधरा दिवस वापरून परत केली' असं. त्याने उलट वजनच वाढतं.

स्वतःच्या पैशाने घेतलं, कंपनीला तुम्ही कोण हेही माहीत नाही, आवडलं म्हणून लिहिलं: काहीच लावायची गरज नाही. ती जाहिरात धरत नाहीत. मी मात्र हौसेने लिहिते, 'बिल माझ्याकडे आहे.'

अडलात तर काकूंना डोळ्यांसमोर आणा. 'पैसे पडले होते का गं?' या प्रश्नाला उत्तर देताना तुमची जीभ किंचित अडखळत असेल, तर संबंध आहे.

शब्द कोणता लावायचा

आपण मराठीत लिहितो, मराठीत बोलतो. सरकारी पुस्तिका म्हणते की ज्या भाषेत शिफारस त्याच भाषेत खुलासा, सोप्या शब्दांत. तरीही पूर्ण मराठी रीलखाली 'एसपी' (म्हणजे स्पॉन्सर्ड) किंवा 'कोलॅब' असं काहीतरी दिसतं. काकूंना 'एसपी' म्हटलं की पोलीस अधीक्षक आठवतात.

इंग्रजीत चालणारे शब्द ठरलेले आहेत: ॲडव्हर्टाइजमेंट, ॲड, स्पॉन्सर्ड, कोलॅबोरेशन, पार्टनरशिप, आस्कीच्या यादीत फ्री गिफ्टही आहे. पैसे घेतलेले असोत की बार्टर, यांतला शब्द लागतो. मराठीत मी दोनच वाक्यं पाठ केलीत. पैसे घेतले असतील तर:

'जाहिरात. या व्हिडिओसाठी अमुक कंपनीने मला पैसे दिले आहेत.'

नुसती वस्तू आली असेल तर:

'जाहिरात. ही वस्तू अमुक कंपनीने मला मोफत पाठवली आहे.'

'पैसे घेतले नाहीत तरी जाहिरात म्हणायचं?' असं एका मैत्रिणीने जवळजवळ रडकुंडीला येऊन विचारलं होतं. शब्द टोचतो, मान्य. म्हणून तर पुढचं वाक्य आहे; ते वाचून माणसाला नेमकं काय ते कळतं. 'अमुक कंपनीचे मनःपूर्वक आभार' याने मात्र काही कळत नाही. आभार तर आपण बस वेळेवर आली तरी मानतो.

एक बारीक गोष्ट. जतच्या पुढे आपले बरेच बघणारे कन्नड बोलणारे. तुम्ही तोच व्हिडिओ कन्नडमध्ये वेगळा करून टाकत असाल तर खुलासाही कन्नडमध्ये करा.

कुठे लावायचा, किती वेळ

लेख किंवा कॅप्शन असेल तर अगदी सुरुवातीला. आस्कीच्या हिशेबाने पहिल्या दोन ओळींत, म्हणजे 'आणखी वाचा' दाबायच्या आधी तो दिसला पाहिजे. हॅशटॅगच्या ढिगात बाविसावा टॅग म्हणून टाकलेला शब्द धरत नाहीत. प्रोफाइलमध्ये एकदाच 'माझ्या पानावर पेड मजकूर असू शकतो' असं लिहून मोकळं होणं, हेही चालत नाही. खुलासा त्या त्या पोस्टवर हवा. नुसता फोटो असेल तर फोटोवरच, दिसेल एवढ्या अक्षरात. कोपऱ्यात पांढऱ्या भिंतीवर पांढरी अक्षरं काढणारे कलाकार मी पाहिलेत.

व्हिडिओत लिहायचंही आणि बोलायचंही, असं सरकारी पुस्तिका सांगते. कारण साधं आहे. भाजी चिरता चिरता नुसतं ऐकणारे असतात, आणि मूल झोपलंय म्हणून आवाज बंद ठेवून बघणारेही.

अक्षरं किती वेळ ठेवायची याचा आस्कीचा हिशेब असा. व्हिडिओ १५ सेकंदांच्या आतला असेल तर कमीत कमी ३ सेकंद. १५ सेकंद ते २ मिनिटं असेल तर एकूण लांबीच्या एक तृतीयांश. म्हणजे ४५ सेकंदांच्या रीलला १५ सेकंद, दीड मिनिटाच्या रीलला ३० सेकंद. २ मिनिटं किंवा त्याहून मोठा असेल तर त्या ब्रँडबद्दल बोलणं चालू आहे तेवढा पूर्ण वेळ. मी सुरुवातीला कागदावर गणितं मांडत बसायचे. आता सरळ शेवटपर्यंत ठेवते. एडिट करताना ती पट्टी एकदा ओढली की काम झालं.

लाइव्हला आस्की प्रत्येक मिनिटाच्या शेवटी ५ सेकंद म्हणते, सरकारी पुस्तिका पूर्ण वेळ म्हणते. अशा वेळी जास्त कडक नियम धरावा. मी ए-फोर कागदावर मार्करने 'जाहिरात' लिहून मागच्या फळीवर, मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवते. पॉडकास्ट करत असाल तर सुरुवातीला, शेवटी आणि प्रत्येक ब्रेकच्या आधी-नंतर बोलून सांगायचं.

इन्स्टा-यूट्यूबवर 'पेड पार्टनरशिप' किंवा 'पेड प्रमोशन'चं बटण असतं. ते मी दाबते, आणि त्यावर न विसंबता स्वतःच्या शब्दांतही लिहिते. त्या बटणाची बारीक अक्षरं काकूंना चष्मा लावूनही दिसत नाहीत.

खोकं उघडण्याआधी कंपनीशी बोलून घ्या

हे नंतर बोलायचं म्हटलं की फिसकटतं. वस्तू येऊन पडलेली असते, मग संकोच होतो. मी आता पत्ता देण्याआधीच हा मेसेज पाठवते:

'नमस्कार. वस्तू मोफत मिळाल्याचं मी पहिल्याच ओळीत लिहीन आणि व्हिडिओत बोलेन. खटकलेलं काही असेल तर तेही सांगेन. टाकण्याआधी मजकूर मंजुरीसाठी पाठवणार नाही. हे चालत असेल तर पत्ता पाठवते.'

बहुतेक जण 'चालेल मॅडम' म्हणतात. एकाने मात्र लिहिलं, 'फ्रीचं नका ना लिहू, ऑरगॅनिक वाटलं पाहिजे.' ऑरगॅनिक हा शब्द मी तोवर शेणखताच्या संदर्भातच ऐकला होता. वस्तू मागवली नाही. असा मेसेज आला तर स्क्रीनशॉट काढून ठेवा. होकार आला तर तोही ठेवा, पुढे कामाला येतो.

नुसतं 'फुकट मिळालं' सांगून सुटका नाही

खुलासा केला म्हणजे मग काहीही बोलावं, असं होत नाही. दावा खरा आहे का, हे तपासायची जबाबदारी शिफारस करणाऱ्यावरही आहे. उलट अंगाने बघितलं तर कायद्याने इथेच ढाल दिलीय: दाव्याची खातरजमा करण्यासाठी तुम्ही योग्य ती काळजी घेतली होती हे दाखवलंत, तर दंड आणि बंदीतून सुटता येतं.

हळदीचं सांगते, आपल्या घरचा विषय. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. समजा पाकिटबंद हळद आली आणि सोबत कागद आला, 'व्हिडिओत म्हणा: अस्सल सांगलीची, पेवातली, मानांकनप्राप्त, कॅन्सरवर गुणकारी.' यात चार दावे आहेत आणि चारही वेगवेगळ्या जातीचे. सांगलीची का, हे बिल आणि पत्ता मागून कळेल. मानांकनाचं नाव फक्त नोंदणीकृत वापरकर्त्यांना लावता येतं. नोंदणीचा कागद मागा. पेव म्हणजे हळद साठवायचा जमिनीखालचा खड्डा. 'पेवातली' ऐकलं की मी हमखास विचारते, कुठल्या पेवातली? हरिपूरची पेवं आपण पाहिलीत, आणि २००५ च्या महापुरात त्यातली किती कामातून गेली हेही. उत्तर आलं नाही तर तो शब्द व्हिडिओत येत नाही. आणि कॅन्सरचा दावा तर कुणी सोन्याने मढवून दिला तरी उच्चारायचा नाही. औषधं आणि जादुई उपायांच्या जाहिरातींचा १९५४ चा कायदा त्यासाठीच आहे. आरोग्याबद्दल सल्ला देणाऱ्यांसाठी ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने वेगळ्या सूचनाही काढल्यात: डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ असाल तर तसं सांगायचं, नसाल तर तज्ज्ञ असल्याचा आव आणायचा नाही. शेअर आणि विमा सुचवणाऱ्यांना आस्कीच्या नियमांनी पात्रतेची अट आहे. आपण कणीक मळणारे, आपण त्या वाटेला जाऊच नये.

वापरल्याशिवाय लिहू नये, हे वेगळं सांगायला नको. खोकं उघडतानाचा व्हिडिओ म्हणजे रिव्ह्यू नव्हे.

टॅक्स, आणि न्यू जर्सीची आत्या

१ जुलै २०२२ पासून असा नियम आहे की एखाद्या कंपनीने तुमच्या कामाच्या संदर्भात वर्षाला २० हजारांपेक्षा जास्त किमतीचा लाभ दिला, तर त्यावर १० टक्के टीडीएस लागतो. लाभ म्हणजे पैसेच असं नाही, ठेवून घेतलेला फ्रिजही त्यात आला. वस्तू वापरून परत केली तर तो लाभ धरत नाहीत. म्हणून मी एक साधी वही ठेवलीय: तारीख, कंपनी, वस्तू, बाजारभाव, ठेवली की परत केली. मार्चमध्ये ती वही सीएकडे नेऊन देते. पुढचं त्यांचं ते बघतात.

तुमचं बघणारे अमेरिकेत असतील आणि वस्तू तिथे विकली जात असेल, तर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनचेही नियम आहेत. मोफत वस्तूंबद्दल ब्लॉगवाल्यांना त्यांनी २००९ मध्येच जागं केलं. ती सुधारणा १ डिसेंबर २००९ पासून लागू झाली आणि २०२३ मध्ये पुन्हा अद्ययावत केली. परदेशातून टाकलेल्या पोस्टचा अमेरिकी ग्राहकावर परिणाम होणार हे उघड असेल, तर तिथला कायदा लागू होऊ शकतो. सार तेच आहे: संबंध सांगा, शिफारशीच्या जवळच सांगा, त्याच भाषेत सांगा. न्यू जर्सीच्या आत्यालाही मराठीतच कळतं.

कुणी तक्रार केली तर, आणि जुन्या पोस्टींचं काय

तक्रार थेट दिल्लीलाच जाते असं नाही. कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडेही ती देता येते, म्हणजे आपल्या सांगलीकरांसाठी विजयनगरच्या कार्यालयात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर तर कुणीही फिरवू शकतं. नोटीस आलीच तर पोस्ट घाईने उडवू नका. आधी कंपनीशी झालेलं बोलणं, बिलं आणि वही एका ठिकाणी करा, आणि वकिलाला दाखवा.

जुन्या पोस्टींना मी दोन रविवार दिले. लेख असतील ते सोपे, वर एक ओळ घातली. रीलच्या चित्रात नंतर काही घालता येईना, म्हणून कॅप्शनची पहिली ओळ बदलली आणि तीच कमेंट वर पिन केली. तीन रील काढूनच टाकल्या, कारण वस्तू कुठून आली होती हे माझं मलाच आठवेना.

सगळ्यात शेवटी कणकेच्या यंत्राची रील घेतली. तिच्या कॅप्शनची पहिली ओळ आता अशी आहे: 'जाहिरात. हे यंत्र कंपनीने मोफत दिलं होतं. चौघांच्या कणकेला आमच्याकडे नीट चालतं. आठ-दहा माणसांची दोन्ही वेळची कणीक मळली तर तिसऱ्या महिन्यात मोटरीला वास येतो, हा शेजारच्या काकूंचा अनुभव, आणि त्यांचं यंत्र विकतचं होतं.'